कोपर धरून सांगणारी

इंदूअक्का आपल्या दिशेनं यायला लागल्या की आधी आपलं कोपर सावध व्हायचं. नमस्कार नाही, बरी आहेस का नाही. जवळ यायच्या, दोन बोटांनी कोपराच्या वर धरायच्या आणि म्हणायच्या, "जरा बाजूले ये व माय." मग चार पावलं लांब, पाण्याच्या टाकीपाशी किंवा जिन्याखाली नेऊन, काय चुकलं ते सांगायच्या. सांगणं छोटं असायचं. सांगून झालं की परत माणसांत आणून सोडायच्या आणि स्वतःच भलत्याच विषयावर मोठ्यानं बोलायला लागायच्या. आपल्याला बोलणी बसली हे शेजारच्याला कळायचंही नाही.

मी शहाद्याला एका मंगल कार्यालयाची व्यवस्था बघते. वाढपी, भांडी, बिछायत, जनरेटर, सगळ्याची यादी माझ्या खिशात असते. यादीशिवाय मला सुचत नाही. त्यामुळे माणसाची आठवण काढायची तरी मी आधी मुद्दे काढते. अक्कांच्या बाबतीत पहिला मुद्दा हाच निघतो, ती दोन बोटं.

ही सवय त्यांना नोकरीत लागली होती. धडगावकडच्या डोंगरात त्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका होत्या. जीप जाईल तिथवर जीप, पुढे पायी. पाड्यावर पोचल्या की आया पोरांना घेऊन बसलेल्या असायच्या. खिचडी पातळ असली, वजनकाटा मोडका असला, तरी अक्का त्या बायांसमोर सेविकेला काही बोलायच्या नाहीत. तिला झोपडीमागे न्यायच्या.

"मी तिचं नाक कापून जीपमध्ये बसून निघून जाणार," मला एकदा म्हणाल्या. "तिला उद्या त्याच बायांच्या दारात पोरं गोळा करायला जायचंय. तिचं कोण ऐकेल मग?"

निवृत्त होऊन शहाद्यात आमच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा अंगणवाड्या सुटल्या, सवय राहिली. ती कुठे वापरायची हा प्रश्न होता. तो 'ओट्या'नं सोडवला.

ओटा हे मोबाईलवरचं लिहायचं ठिकाण. आपण लिहायचं, फोटो टाकायचा, वाचणाऱ्यांनी 'वर' किंवा 'खाली' असा बाण द्यायचा. वरचे बाण जमले की महिनाअखेरीस लिहिणाऱ्याच्या खात्यात बक्षीस जमा होतं. खालचा बाण पडला की त्यातून कापलं जातं. जुन्या सभासदाचा बाण जास्त वजनाचा. आणि एखाद्या लेखावर खालचे बाण फारच पडले तर लेखावर करडी पट्टी येते, 'हे लेखन झाकले आहे'. वाचायचं तर पट्टी उघडावी लागते, आणि कोण उघडतंय? आमच्या जिल्ह्याचा एक गट त्यावर होता. शेतकरी, निवृत्त मास्तर, दुकानदार, काही सुना. दर महिन्याला एखाद्या रिकाम्या दिवशी सगळे माझ्या कार्यालयात भेटायचे. चहा माझा, फरसाण ज्याला आठवेल त्याचं.

जिथे बाणाला बक्षीस चिकटलेलं असतं तिथे 'मला हे पटलं नाही' असं म्हणणं सरळ राहत नाही. समोरच्याला वाटतं, ह्यानं माझ्या ताटातलं उचललं. मग तोही शोधून शोधून तुमच्या लेखांवर खालचे बाण मारतो, त्याचा मेहुणा मारतो, मेहुण्याचा मित्र मारतो. म्हणून गटात कुणी कुणाला काही बोलायचंच नाही असं ठरून गेलं होतं. कसाही लेख असो, खाली 'फारच सुंदर दादा', 'अप्रतिम ताई'. तू माझ्या पाठीवर थाप मार, मी तुझ्या.

अक्कांना हे बघवेना. पण त्यांनी तोंड उघडलं ते त्यांच्या रीतीनं. खालचा बाण द्यायचा झाला तर त्या आधी लिहिणाऱ्याच्या खासगी खिडकीत दोन ओळी टाकायच्या. तुम्ही जे म्हटलंय ते मला असं समजलं, बरोबर आहे का, असं विचारायच्या. समोरचा 'हो, असंच म्हणायचंय' म्हणेपर्यंत पुढे जायच्या नाहीत. मग आपलं म्हणणं मांडायच्या. तेही पटलं नाही तरच बाण, आणि बाण दिला की 'मी दिलाय' असं कळवायच्या. आमच्यात एक म्हणच होऊन बसली होती, सकाळी अक्कांचा निरोप आला की दुपारपर्यंत लेख सुधारतो.

मी त्यांची ही रीत मुद्दे घालून लिहून काढली आणि कार्यालयाच्या फळ्यावर लावली. अक्कांनी वाचली. माझं कोपर धरलं.

"जरा बाजूले ये. मुद्दा बराबर शेतस. पन हाई फयावर कसाले लावं? आते ज्याले त्याले वाटी, आपलाच बद्दल शे."

ज्याला त्याला ते आपल्यावरच लिहिलंय असं वाटेल, हे मला पटलं. मी कागद काढून टाकला.

गोरख भाऊंची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचं बसस्टँडसमोर टायर पंक्चरचं दुकान. लिहायचे बरं, पण एकदा त्यांनी कुणाचा तरी मिरची वाळवण्यावरचा लेख उचलला, फोटो बदलला आणि आपल्या नावानं टाकला. गटात कळलं तेव्हा आठदहा जणांनी ठरवलं, आज सगळ्यांनी मिळून ह्याच्या एकूण एक लेखावर खालचा बाण मारायचा. अक्का त्या दिवशी कार्यालयात होत्या. "जो लेख चोरीचा, त्यावर मारा," त्या म्हणाल्या. "बाकीचे त्यानं स्वतः लिहिलेत. त्यांनी काय केलंय?" कुणीतरी म्हणालं, अक्का, त्याला अद्दल घडायला पाहिजे. "दहा जण मिळून एकाला धरतात त्याला टीका म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

आणि स्वतः उठून पंक्चरच्या दुकानात गेल्या. मी सोबत होते. गोरख भाऊ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"या सुपरवायझर बाई. तपासनी करी ऱ्हायनात का?"

"गोरख, जरा बाजूले ये."

"बाजूले कठे येऊ? दुकान केवढं शे देखा. आठेच टायरमागे उभ्या ऱ्हा."

अक्का खरंच टायरच्या ढिगामागे जाऊन उभ्या राहिल्या. तो लेख तुझा नाही, तो काढ, नाहीतर मी त्याला खालचा बाण देणार आहे, एवढंच म्हणाल्या. गोरख भाऊंनी त्यांना चहा पाजला, लेख काढला नाही, अक्कांनी बाण दिला, आणि संध्याकाळपर्यंत अक्कांच्या जुन्या वीसेक लेखांवर खालचे बाण पडले. पुढच्या महिन्याच्या बैठकीत गोरख भाऊ आले ते सरळ अक्कांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"अक्का, तुमना वीस लेख मी वाच्यात. खाले मारानं म्हनीसन का होईना, वाच्यात. चांगला शेतस."

त्या महिन्यात त्यांनी चोरीचा लेख काढला. अक्कांवरचे बाण मात्र काढायचं विसरले. अक्कांनी कधी आठवण केली नाही.

स्वतःच्या चुकीचं त्यांचं वागणं याच्या नेमकं उलट. डोंगरातल्या काठी गावच्या एका तरुणानं तिथल्या होळीवर लिहिलं होतं. मोरपिसांचा टोप, अंगावरची राख, होळीसाठी आणायचा बांबू. त्यातली एक गोष्ट अक्कांना पटली नाही. त्यांनी रीतसर विचारलं, रीतसर बाण दिला. त्यानं शांतपणे लिहिलं, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे नोकरीला होता. आम्ही तिथे जन्मलोय. तुम्ही सांगता ते दुसऱ्या गावचं आहे." अक्कांनी ओट्यावर, सगळ्यांना दिसेल असं, स्वतंत्र लिहिलं. मी चुकले, कशात चुकले ते हे, बाण काढला आहे. मी म्हटलं, अक्का, त्याला खासगीत सांगितलं असतंत तरी चाललं असतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची चूक बाजूला घेऊन. आपली चारचौघांत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी बऱ्याचदा ऐकलं. तेव्हा ते फक्त चांगलं वाटायचं.

आता जागृतीकडे येते. कळसाडीच्या एका गुजर घरातली सून. घर मोठं, ऊस, कापूस, गोठा, सासू करडी, नवरा अबोल. जागृती केळफुलाची भाजी, उसाच्या रसातली खीर, असलं काहीतरी लिहायची, आणि छान लिहायची. ओट्याचं बक्षीस थेट तिच्या खात्यात यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावावर काहीतरी येत होतं, हे ती बैठकीत एकदा हसत सांगून गेली आणि सांगितल्याबरोबर गप्प झाली.

तिच्या एका लेखाखाली गटाबाहेरच्या कुणा शहाण्यानं लिहिलं, 'आधी सासूकडून स्वयंपाक शिका, मग जगाला शिकवा.' त्याला शेकड्यानं हसरे चेहरे पडले. गावात कुणीतरी ते सासऱ्यांना पारावर वाचून दाखवलं. त्या दिवसापासून जागृतीचा फोन कपाटात गेला आणि अख्खा पावसाळा बाहेर आला नाही.

अक्का कळसाडीला गेल्या. मला घेऊन गेल्या, कारण त्या घराच्या दोन लग्नांची व्यवस्था मी पाहिली होती. सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या.

"आमनी सूनले सारं गाव हासनं," त्या म्हणाल्या. "तुमना लिखा-वाचाना खेय. आमना घरनी अब्रू."

अक्कांनी वाद घातला नाही. सासूबाईंचं म्हणणं त्यांनी आपल्या शब्दांत परत सांगितलं, लेखाचं सांगायच्या तसंच. तुमचं म्हणणं असं की चूक असेल तर असू दे, पण ती गावानं वाचता कामा नये. सासूबाई म्हणाल्या, हां, तेच. मग अक्का म्हणाल्या, "ते मी बघते. हिच्या लिहिण्यात काही चुकलं तर मी आधी हिला सांगीन, एकटीला. चारचौघांत एक अक्षर येऊ देणार नाही. मन्हा शब्द शे."

सासूबाईंनी झोपाळा थांबवला. मग आत बघून म्हणाल्या, "दी टाक व तिले." फोन मिळाला. अट अशी, की दिवसभर कपाटात, दिवेलागणीनंतर घरकाम उरकलं की हातात.

परतताना बसमध्ये अक्का खुशीत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना नंतर पाहिलं नाही.

त्यानंतर जागृतीचा जोर वाढला. 'डोंगरचं ताट' अशी मालिकाच तिनं सुरू केली. हिवाळ्यात त्यांच्याकडे ऊसतोडीला सातपुड्यातली कुटुंबं यायची. त्यांतल्या बायांकडून ती रानातल्या भाज्या शिकून घ्यायची आणि लिहायची. एकदा एका बाईनं तिला कडू कंदाच्या चकत्या दिल्या. जागृतीनं त्यांची भाजी केली, सगळ्यांना आवडली, तिनं लेख टाकला. कंदाचा फोटो हवा म्हणून त्या बाईच्या टोपलीतला ताजा, मातीनं माखलेला कंद हातात धरून काढला. खाली कृती. सोला, चिरा, फोडणी द्या.

डोंगरातलं शेंबडं पोरही सांगेल की हा कंद असा खात नाहीत. पातळ चिरून, राख घालून उकळून, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. तेव्हा कुठे त्याचं विष उतरतं. जागृतीला मिळालेल्या चकत्या हे सगळं होऊन आलेल्या होत्या. देणारीनं ते सांगितलं नाही, कारण तिच्या दृष्टीनं ते सांगायची गोष्टच नव्हती. जागृतीनं विचारलं नाही, कारण विचारायचं काही आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

अक्कांनी लेख पाहिला तो दुपारी जेवण उरकून पडल्यावर. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं. अंगणवाड्यांच्या काळात हा कंद कच्चा खाऊन तोंडाला फेस आलेलं माणूस त्यांनी झोळीत घालून खाली आणलेलं पाहिलं होतं, त्यामुळे त्या ताडकन उठल्या. जागृतीच्या खासगी खिडकीत लिहिलं. पण फोन कपाटात होता. तिच्या नवऱ्याचा नंबर लावला.

"कोन? अक्का? काय काम शे?"

एवढं ऐकलं आणि अक्का अडल्या. नवऱ्याला सांगितलं तर सासूला कळणार. सासूला दिलेला शब्द जाणार, फोन कायमचा जाणार. "काही नाही, सहज केला होता," म्हणाल्या आणि ठेवला.

लेखाखाली एक ओळ लिहायला त्यांना पाव मिनिट लागलं असतं. त्यांनी ती लिहिलीही होती. 'हा कंद असा खाऊ नका, विषारी आहे.' बोट बटणावर ठेवलं होतं. मग त्यांना ते शेकडो हसरे चेहरे आठवले, तो पार, तो झोपाळा. त्यांनी ओळ पुसली. दिवेलागणीला जागृती फोन बघेल, आपला निरोप वाचेल आणि स्वतःच लेख काढेल असा हिशोब केला. तसं न झालं तर सकाळची पहिली गाडी पकडून कळसाडीला जायचं. आज वाचून आज कोण कंद आणायला जातंय?

त्या संध्याकाळी जागृतीच्या घरी पाहुणे होते. फोन कपाटातच राहिला.

धानोऱ्याचे मधुकर भाऊ आमच्या गटातले. रानभाज्यांचे शौकीन. त्यांचा भाचा धडगावच्या रस्त्यावर गाडी चालवायचा आणि मामांच्या सांगण्यावरून बाजारातून काहीबाही घेऊन यायचा. तो कंद त्यानं आदल्याच दिवशी आणून टाकला होता, आणि ह्याचं काय करायचं म्हणून तो कोपऱ्यात पडून होता. लेख दिसला, फोटो जुळला. मधुकर भाऊंनी लेखाखाली लिहिलं, 'व्वा ताई, आजच करतो.' रात्री त्यांनी स्वतः भाजी केली. त्यांना ती कडू लागली, दोन घास खाऊन त्यांनी ताट सारलं. आईच्या तोंडाला वयामुळे चव राहिली नव्हती. लेकानं हौसेनं केलंय म्हणून म्हातारीनं सगळी खाल्ली.

अक्का सकाळच्या गाडीनं कळसाडीला पोचल्या तेव्हा नंदुरबारच्या दवाखान्यात म्हातारीच्या जिवाची ओढाताण चालली होती. दुपारी ती गेली.

पुढे जे झालं ते ओट्यावर झालं. जागृतीच्या लेखावर खालचे बाण पडायला लागले. गटातल्यांचे, गटाबाहेरच्यांचे, तिला न वाचलेल्यांचे. केळफुलावर पडले, खिरीवर पडले. खुनी म्हणाले, बक्षीसखाऊ म्हणाले, काय काय म्हणाले. काल 'अप्रतिम ताई' लिहिणारे त्यात पुढे होते. पोलीस येऊन विचारून गेले, अपघात म्हणून नोंद झाली. ओट्यावर तशी नोंद कुठे होत नाही.

अक्का धानोऱ्याला गेल्या. मी त्यांच्याबरोबर होते. मधुकर भाऊ ओसरीवर डोकं भादरून बसले होते. अक्कांनी त्यांना बाजूला बोलावलं नाही. तिथेच, सोयऱ्याधायऱ्यांसमोर, खाली बसून सांगितलं की मी दुपारीच वाचलं होतं. मला ठाऊक होतं. मी सकाळी पोरीला सांगायला जाणार होते.

मधुकर भाऊ म्हणाले, "अक्का, तठेच लेखखाले लिखी देतात तर... मी तठेच बशेल व्हतू. मोबाईल हातमाच व्हता. मी कुकर लावा, मोबाईल देखा. भाजी करी, मोबाईल देखा. ताईनं उत्तर काय दिधं म्हनीसन देखी ऱ्हायंतू."

आतून बायकांचं रडणं येत होतं, ते थांबलं.

घरी आल्यावर अक्कांनी ओट्यावर लिहिलं. छोटं लिहिलं. जागृतीला ठाऊक नव्हतं, मला होतं. चूक तिच्या हातून झाली, पण ती थांबवता येत असून मी थांबवली नाही. तिला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून थांबले. बाण मला मारा, तिचं लेखन सोडा.

मी त्यांना म्हटलं, "अक्का, टाकू नका. याचा काही उपयोग नाही."

"आपली चूक चारचौघांत," त्या म्हणाल्या.

लोकांनी अर्धं ऐकलं. बाण त्यांना मारले, आणि जागृतीलाही मारत राहिले. अक्कांचे कितीतरी वर्षांचे लेख, अंगणवाड्यांचे, पाड्यांचे, बाळंतिणींचे, एकेक करून करड्या पट्टीखाली गेले. गोरख भाऊंनी एकट्यानं वरचे बाण मारून पाहिले. त्यांच्या बाणाला वजन किती असणार?

जागृतीला सासरच्यांनी तापीपलीकडे, गुजरातमधल्या माहेरी पाठवलं. काही दिवसांसाठी, असं म्हणाले. अक्का पुन्हा कळसाडीला गेल्या तेव्हा सासूबाईंनी झोपाळा थांबवला नाही. "तुमी शब्द पाळा," एवढंच म्हणाल्या, म्हणजे पाळलात. त्यात टोमणा होता की नव्हता हे अक्कांना परतीच्या सगळ्या वाटेवर ठरवता आलं नाही. मलाही आलं नाही.

गटाच्या बैठका बंद पडल्या. अक्का घराबाहेर कमी दिसायला लागल्या. दिसल्या की मात्र बोलायच्या, आणि त्यांचं बोलणं बदललं होतं. भाजीवाल्याला रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगायच्या, तुझी तूर किडकी आहे. देवळात पुजाऱ्याला ऐन आरतीत थांबवून म्हणाल्या, निरांजनाजवळचा पडदा पेटेल. बँकेत रांगेतल्या अनोळखी बाईला सगळ्यांदेखत म्हणाल्या, तुझ्या पोराचे डोळे पिवळे दिसतात, आजच दाखव. कधी बरोबर असायच्या, कधी नसायच्या. लोक वळून बघायचे आणि एकमेकांना सांगायचे, हीच ती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्याच कार्यालयात. लग्न गल्लीतलं होतं, अक्कांना बोलावणं होतं. वऱ्हाडाची पंगत बसली होती. मठ्ठा पितळी पातेल्यात होता, कारण स्टीलचं मोठं पातेलं त्या दिवशी दुसरीकडे गेलं होतं. वाढपी पेले भरायला वाकले तेवढ्यात मंडपाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज आला.

"थांबा! तो मठ्ठा कोनी पिवानं नही! पितय शे ते! आंबट पितयमा ठेयेल शे, ईख व्हयी जास!"

सनई ध्वनिफितीची होती, ती चालूच राहिली. विष म्हटल्यावर बाकी सगळं थांबलं. वरबाप अर्धवट उठले. कुणी रिकामा पेला ताटामागे सरकवला, कुणी तोंडातला घास गिळू की बाहेर टाकू अशा चेहऱ्यानं बघत राहिलं. मी धावत अक्कांपाशी गेले. काही विचार न करता माझ्या हातानं त्यांचं कोपर धरलं.

"अक्का, जरा बाजूला या ना."

त्यांनी कोपर सोडवून घेतलं. झटकून नाही, हळूच.

"आठेच सांग, मंदा. जे सांगानं ते आठेच सांग. मोठाथी सांग."

सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. अक्काही बघत होत्या, अंगणवाडीतली पोरगी सेविकेकडे बघते तशा. पातेल्याला कल्हई होती. माझ्या यादीत ती पहिली गोष्ट असते आणि मी ती स्वतः पाहिलेली होती.

मी मोठ्यानं म्हणाले, "अक्का, तुम्ही चुकलात. आतून नवी कल्हई आहे. मी सकाळी बघितली आहे."

त्या पातेल्यापाशी चालत गेल्या. वाकून आत पाहिलं. डाव घेऊन मठ्ठा बाजूला सारला, कडेची पांढरी चकाकी पाहिली. मग पंगतीकडे वळल्या.

"मन्ही चूक व्हयनी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "कल्हई शे. प्या."

कुणी पेला पुढे केला नाही. अक्कांनी एक पेला भरून घेतला आणि तिथेच उभ्यानं, पंगतीकडे तोंड करून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. पेला उपडा ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि खुर्च्यांच्या रांगांमधून फाटकाकडे निघाल्या. वाटेत कुणी त्यांना थांबवलं नाही. त्या आठवड्यात लेक येऊन त्यांना सुरतेला घेऊन गेली.

पंगत उठली तेव्हा बाकी सगळी भांडी रिकामी होती. मठ्ठ्याचं पातेलं काठापर्यंत भरलेलं होतं, एका पेल्यानं कमी.